टाळेबंदीवर भांडताना आपण नेमके कशावर भांडतो?

कोविडच्या महासाथीत घातलेले निर्बंध योग्य होते का, हा विषय निघाला की आजही बोलता बोलता आवाज चढतात. अतिदक्षता विभागात रात्रपाळी केलेली परिचारिका सांगते की खाटा संपल्या होत्या, आणि लोक घरात थांबले नसते तर काय झाले असते याचा विचारही करवत नाही. ज्या मुलीला आईचे अखेरचे दर्शन फोनच्या पडद्यावर घ्यावे लागले, ती सांगते की माणसाला माणसापासून तोडणारा असा नियम पुन्हा कधीही होता कामा नये. दोघीही खरे बोलत आहेत. तरीही वाद मिटत नाही, कारण दोघी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. निर्बंधांमुळे संसर्ग किती कमी झाला हा एक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पुरावे तपासून मिळवावे लागते. त्या निर्बंधांची किंमत कोणी मोजली, आणि ती लादण्याचा अधिकार कोणाला व किती काळापुरता होता, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर कोणत्याही आलेखात सापडत नाही. या वादातली बरीचशी कटुता हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळे आली आहे असे मला वाटते, म्हणून इथे ते शक्य तितके सुटे करून पाहू.

आधी शब्दाचाच घोळ दूर केला पाहिजे. ‘निर्बंध’ किंवा ‘टाळेबंदी’ ही एकच वस्तू असल्यासारखे आपण बोलतो, पण त्या नावाखाली विमाने थांबवणे, लग्नसमारंभातली संख्या मर्यादित करणे, शाळा बंद ठेवणे, रात्रीची संचारबंदी, मुखपट्टीची सक्ती, रुग्णाचे विलगीकरण आणि रुग्णालयात नातेवाइकांना मज्जाव असे कितीतरी वेगवेगळे नियम येतात. स्पेनमध्ये २०२० च्या मार्चच्या मध्यापासून २६ एप्रिलपर्यंत १४ वर्षांखालील मुलांना फेरफटका मारण्यासाठीसुद्धा घराबाहेर पडता येत नव्हते. पाळीव कुत्र्याला मात्र बाहेर नेता येत होते. त्याच आठवड्यांत स्वीडनमधली १६ वर्षांखालची मुले रोज शाळेत जात होती. जपानच्या सरकारला लोकांना घरात बसवण्याचा कायदेशीर अधिकारच नव्हता, त्यामुळे तिथे आणीबाणी जाहीर झाली तरी ती प्रामुख्याने विनंतीच्या स्वरूपात होती. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी १८० हून अधिक देशांतल्या निर्बंधांची कडकाई शून्य ते १०० अशा मोजपट्टीवर रोजच्या रोज नोंदवली. ते काम मोलाचे आहे, पण त्या पट्टीवर सारखाच आकडा आलेल्या दोन देशांतले रोजचे जगणे अगदी वेगळे असू शकते, हे ध्यानात ठेवावे लागते.

आठवड्याभराचा उशीर

सुरुवातीला सरकारे इतकी का घाबरली, हे समजण्यासाठी दुपटीचे गणित पुरते. मूळ विषाणूची लागण झालेला एक माणूस, कोणीच काही काळजी घेत नसेल तर, सरासरी दोन ते तीन जणांना संसर्ग देत होता. समजा एखाद्या ठिकाणी आज १०० रुग्ण आहेत आणि दर तीन दिवसांनी संख्या दुप्पट होते आहे. महिनाभरात दहा वेळा दुप्पट होऊन हा आकडा एक लाखाच्या पुढे जातो. या गणितात एका आठवड्याचा उशीर म्हणजे सुमारे पाचपट रुग्ण. रुग्णालयातल्या खाटा, कृत्रिम श्वसनयंत्रे आणि ती चालवू शकणारी माणसे मात्र आठवड्याभरात पाचपट होत नाहीत. चीनने २३ जानेवारी २०२० रोजी वुहान शहर बंद केले आणि ते ७६ दिवस बंद राहिले. त्या वेळी इतर देशांना ते अतिरेकी वाटले, पण मार्चच्या सुरुवातीला उत्तर इटलीतली रुग्णालये ओसंडून वाहू लागली आणि काही आठवड्यांत जवळपास सगळ्या जगाने त्याच वाटेने पावले टाकली.

याच काळात, १६ मार्च २०२० रोजी, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा एक अहवाल आला. ब्रिटनमध्ये सुमारे ५ लाख १० हजार आणि अमेरिकेत २२ लाख मृत्यू होऊ शकतात, असे त्यात म्हटले होते. पुढे वादात हे आकडे भाकीत म्हणून वापरले गेले आणि ‘एवढे मृत्यू झालेच नाहीत, म्हणजे भीती खोटी होती’ असा निष्कर्ष काढला गेला. पण त्या आकड्यांना एक अट जोडलेली होती: सरकारने कोणताही उपाय केला नाही आणि लोकांनीही आपले वागणे अजिबात बदलले नाही, तर. ही अट प्रत्यक्षात येणे शक्यच नव्हते, कारण शेजारी माणसे मरत असताना कोणीही पूर्वीसारखा वावरत नाही. अट गाळून आकडा तेवढा सांगणे ही चूक निर्बंधांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही केली आणि विरोधकांनीही केली.

सुरुवातीचे उद्दिष्ट मर्यादित होते. संसर्ग पूर्णपणे थांबवायचा नव्हता, तो लांबवायचा होता, म्हणजे रुग्ण एकाच वेळी न येता अनेक महिन्यांत विभागून येतील आणि प्रत्येकाला खाट मिळेल. नंतर काही देशांनी विषाणू हद्दीतून हद्दपार करण्याचे ध्येय ठेवले, आणि पुढे लस येईपर्यंत तग धरणे हे उद्दिष्ट झाले. चाचण्यांबाहेर, सर्वसाधारण लसीकरण मोहिमेतली पाश्चात्त्य देशांतली पहिली लस ब्रिटनमध्ये ८ डिसेंबर २०२० रोजी टोचली गेली, आणि त्यानंतर ज्यांना संसर्ग झाला त्यांचा मृत्यूचा धोका पुष्कळ कमी झाला. त्या अर्थाने संसर्ग पुढे ढकलणे म्हणजे जीव वाचवणेच होते. पण मार्चमध्ये लस कधी येईल, येईल की नाही, हे कोणालाही सांगता येत नव्हते. उद्दिष्ट बदलणे चुकीचे नाही, नवी माहिती आली की ते बदललेच पाहिजे. ते बदलले आहे हे लोकांना सांगायचे मात्र अनेक सरकारांनी टाळले. ‘दोन-तीन आठवडे कळ काढा’ असे सांगून सुरू झालेला काळ महिन्यांवर गेला, आणि ज्यांनी त्या शब्दावर विसंबून उसनवारी केली होती त्यांचा विश्वास उडाला तो पुन्हा बसला नाही.

उपाय केला नसता तर?

निर्बंधांनी नेमके किती जीव वाचवले, हे सांगणे अवघड आहे, कारण न घडलेल्या गोष्टीशी तुलना करावी लागते. एकाच देशाला एकाच वेळी बंद आणि उघडे ठेवून पाहता येत नाही. म्हणून संशोधक प्रतिमाने, म्हणजे गृहीतकांवर उभी केलेली गणिती चित्रे, बांधतात, आणि प्रतिमानात आधी जे गृहीत धरावे त्यावर उत्तर फार अवलंबून राहते. जून २०२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने म्हटले की ११ युरोपीय देशांत मेच्या सुरुवातीपर्यंत सुमारे ३१ लाख मृत्यू टळले. जानेवारी २०२२ मध्ये तीन अर्थतज्ज्ञांनी अनेक अभ्यास एकत्र करून म्हटले की युरोप-अमेरिकेतल्या पहिल्या टाळेबंद्यांनी कोविडचे मृत्यू सरासरी अवघ्या ०.२ टक्क्यांनी कमी केले. दोन्ही आकडे समाजमाध्यमांवर तलवारीसारखे वापरले गेले, आणि दोन्हींवर तज्ज्ञांनी गंभीर आक्षेप घेतले. पहिल्यात संसर्गात झालेली जवळपास सगळी घट सरकारी उपायांच्या खात्यावर जमा केली होती आणि लोकांनी आपणहून घेतलेली काळजी त्यात वेगळी मोजली नव्हती. दुसऱ्यात कोणते अभ्यास घ्यायचे, कोणते वगळायचे आणि ‘टाळेबंदी’ कशाला म्हणायचे, याच निवडी वादग्रस्त होत्या.

या कोड्यावर सर्वांत जास्त प्रकाश टाकणारा अभ्यास मला ऑस्टन गूल्सबी आणि चॅड सिव्हर्सन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांचा वाटतो. त्यांनी मोबाइल फोनच्या नोंदींवरून लोकांचे दुकानांत जाणे-येणे मोजले आणि एकमेकांना लागून असलेले, पण एकीकडे निर्बंध लागू आणि दुसरीकडे नाहीत, असे प्रदेश ताडून पाहिले. ग्राहकांची ये-जा एकूण ६० टक्क्यांनी घटली होती, पण या ६० पैकी सरकारी आदेशामुळे घडलेली घट केवळ ७ टक्क्यांच्या (अंकांच्या) आसपास होती. बाकीचे लोक आदेश निघण्यापूर्वीच, भीतीपोटी किंवा विवेकाने, घरी थांबले होते.

हा निष्कर्ष दोन्ही बाजूंना पचायला जड जातो. निर्बंधांचे कट्टर समर्थक म्हणतात तेवढे श्रेय आदेशांना देता येत नाही. पण ‘टाळेबंदीने धंदा बुडाला’ हे विधानही तितकेच सैल पडते, कारण दुकान उघडे असते तरी गिऱ्हाईक फिरकले नसते. मग आदेशाचा उपयोग काय, असा प्रश्न साहजिक आहे. ज्याचे काम घरून होते आणि ज्याचा पगार सुरू राहतो, तो आदेशाशिवायही घरी थांबू शकतो. ज्याला मालक म्हणतो ‘उद्या आला नाहीस तर पुन्हा येऊ नकोस’, त्याला घरी थांबण्यासाठी आदेशाचा आधार लागतो, आणि आदेशासोबत येणाऱ्या आर्थिक मदतीचा त्याहून जास्त.

एकेका उपायाबद्दलचा पुरावा मोठ्या वादापेक्षा पुष्कळ संयमी आहे. बांगलादेशात ६०० गावांत झालेल्या प्रयोगात काही गावांत मुखपट्ट्या फुकट वाटल्या आणि त्या वापरण्याचा सातत्याने आग्रह धरला, तेव्हा नीट मुखपट्टी लावणाऱ्यांचे प्रमाण १३ वरून ४२ टक्क्यांवर गेले. शस्त्रक्रियेच्या वेळी वापरतात तशा मुखपट्ट्या दिलेल्या गावांत लक्षणांसह रक्ततपासणीत सिद्ध झालेला संसर्ग सुमारे ११ टक्क्यांनी कमी आढळला. परिणाम छोटा होता, पण होता. २०२३ च्या सुरुवातीला वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्याचा अर्थ ‘मुखपट्ट्यांचा काहीच उपयोग नाही’ असा लावला गेला, तेव्हा संस्थेच्या मुख्य संपादकांनीच तो अर्थ चुकीचा असून उपलब्ध पुरावा अनिर्णित आहे असे स्पष्ट केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने शेकडो अभ्यास तपासून सांगितले की अंतर राखणे, मुखपट्ट्या आणि गर्दीवरची मर्यादा यांनी संसर्ग कमी होतो, विशेषतः ते उपाय एकत्र आणि लवकर केले तर. माणसांच्या भेटी कमी झाल्या की श्वासावाटे पसरणारे रोग मंदावतात, याची एक अनपेक्षित साक्षही मिळाली. २०२०-२१ च्या हिवाळ्यात नेहमीचा फ्लू जगातून जवळजवळ नाहीसा झाला, आणि फ्लूच्या विषाणूची ‘बी यामागाता’ ही शाखा तर मार्च २०२० नंतर खात्रीने कुठे सापडलेलीच नाही.

स्वीडन आणि पेरू

वादात स्वीडनचे नाव आले नाही असे होत नाही, आणि बहुतेक वेळा ते चुकीच्या पद्धतीने येते. स्वीडनमध्ये निर्बंध नव्हते हे खरे नाही. तिथे मार्च २०२० च्या अखेरीस ५० हून अधिक लोकांच्या जमावाला बंदी झाली, मोठ्या मुलांच्या शाळा ऑनलाइन झाल्या, वृद्धाश्रमांत भेटींना मज्जाव झाला आणि नोव्हेंबरमध्ये सार्वजनिक कार्यक्रमांची मर्यादा आठ माणसांवर आली. फरक असा की घरात राहण्याची सक्ती झाली नाही आणि भर सल्ल्यावर होता. २०२० मध्ये तिथले मृत्यू लोकसंख्येच्या मानाने नॉर्वे आणि फिनलंडपेक्षा कित्येक पट जास्त होते, आणि वृद्धाश्रमांतल्या माणसांना त्याची सर्वाधिक झळ बसली. त्याच स्वीडनमध्ये २०२० ते २०२२ या तीन वर्षांचा एकत्र हिशेब केला तर नेहमीपेक्षा जास्त झालेल्या मृत्यूंचे प्रमाण युरोपातल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक दिसते. तिथल्या चौकशी आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिलेला निष्कर्ष एकाच बाजूला झुकलेला नाही: सक्तीऐवजी सल्ल्यावर भर देण्याचा मार्ग मोटामोटी योग्य होता, पण २०२० च्या वसंतात अधिक कडक उपाय अधिक लवकर करायला हवे होते.

पेरूची कथा याच्या अगदी उलट आहे, आणि ती फार कमी सांगितली जाते. तिथल्या सरकारने १६ मार्च २०२० पासून, म्हणजे पुष्कळ लवकर, कडक टाळेबंदी केली. संचारबंदी होती, लष्कर रस्त्यावर होते. तरीही लोकसंख्येच्या प्रमाणात जगातले सर्वाधिक नोंदलेले कोविड मृत्यू पेरूमध्ये झाले. मे २०२१ मध्ये सरकारने स्वतःच आपला ६९ हजारांचा आकडा सुधारून १ लाख ८० हजारांच्या वर नेला. तिथे दहांतली सुमारे सात माणसे असंघटित कामावर जगतात, म्हणजे आज काम केले तर आज पैसे. निम्म्याच्या आसपास घरांत शीतकपाट नाही, त्यामुळे आठवड्याचे सामान एकदम भरून ठेवता येत नाही आणि बाजारात वरचेवर जावे लागते. सरकारने मदत जाहीर केली तेव्हा बँकेत खाते नसलेले लोक ती घ्यायला बँकांसमोर तासन्‌तास रांगांत उभे राहिले. ज्या गर्दीपासून त्यांना वाचवायचे होते, ती गर्दी बाजारात आणि बँकेच्या दारात तशीच राहिली. ऑक्सिजनचा तुटवडा आणि अतिदक्षता विभागातल्या मोजक्या खाटा यांनी उरलेले काम केले. कागदावरची कडकाई आणि घरातली परिस्थिती यांची गाठ पडली नाही, तर नियमाची किंमत मोजूनही त्याचा लाभ पदरात पडत नाही.

किंमत कोणाच्या वाट्याला आली

‘घरी राहा’ या दोन शब्दांत पुष्कळ गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: राहायला पुरेशी जागा आहे, बसून खाण्याइतकी शिल्लक आहे, आणि घरात लागणाऱ्या वस्तू दारात आणून देणारे कोणीतरी बाहेर आहे. त्या ‘कोणीतरी’ला घरी राहण्याची मुभा नव्हतीच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या हिशेबाने २०२० मध्ये जगभरात कामाचे ८.८ टक्के तास बुडाले, म्हणजे पूर्णवेळ काम करणाऱ्या २५ कोटी ५० लाख माणसांच्या वर्षभराच्या कामाइतके. जागतिक बँकेच्या अंदाजाने त्या एका वर्षात सुमारे ७ कोटी माणसे नव्याने अतिदारिद्र्यात ढकलली गेली. यातले किती नुकसान विषाणूने केले आणि किती आदेशांनी, हे नीट वेगळे काढता येत नाही. पण आदेश काढण्याच्या पद्धतीने नुकसान वाढू शकते हे स्पष्ट दिसले. भारतात २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता जाहीर झालेली टाळेबंदी चार तासांत लागू झाली, आणि शहरांत अडकलेले लाखो मजूर वाहने नसल्यामुळे शेकडो किलोमीटर चालत गावाकडे निघाले. हातावर पोट असलेल्या माणसाचा विचार आदेश निघण्याच्या आधी व्हायला हवा होता.

शाळांबद्दल मला अधिक सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण या सगळ्या हिशेबात सर्वांत मोठी चूक इथे झाली असे माझे मत आहे. एप्रिल २०२० च्या सुमारास १९० हून अधिक देशांत मिळून सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांची शाळा-महाविद्यालये बंद होती. पहिल्या आठवड्यांत ते समजण्यासारखे होते, कारण फ्लूच्या साथीत मुलेच रोग पसरवतात हा जुना अनुभव होता आणि नव्या विषाणूबद्दल माहिती तुटपुंजी होती. पण मुलांना या रोगाचा गंभीर धोका फार कमी आहे हे काही महिन्यांतच कळले होते. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० पासूनच लहान मुलांचे वर्ग सुरू केले होते. तरीही अनेक देशांत उपाहारगृहे आणि मद्यालये उघडली आणि शाळा बंदच राहिल्या. युगांडातल्या शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या त्या पूर्णपणे उघडायला जानेवारी २०२२ उजाडला. ज्या घरात एकच फोन आहे, तो सकाळी कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात जातो आणि संध्याकाळी तीन भावंडांत वाटला जातो, त्या घरातल्या धाकट्या मुलीच्या वाट्याला ऑनलाइन वर्ग आलाच नाही. तिची दोन वर्षे अभ्यासाबरोबरच मैत्रिणींची, खेळाची आणि पुष्कळ ठिकाणी पोटभर मिळणाऱ्या एका जेवणाचीही होती.

जागतिक बँक, युनेस्को आणि युनिसेफ यांनी २०२२ मध्ये केलेल्या अंदाजानुसार गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहा वर्षांच्या मुलांपैकी साधा मजकूर वाचून न समजणाऱ्यांचे प्रमाण ५७ वरून ७० टक्क्यांवर गेले. १५ वर्षांच्या मुलांच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१८ च्या तुलनेत २०२२ मध्ये गणिताची सरासरी जवळपास १५ गुणांनी घसरली. तरीही इथे घाई करू नये, कारण लहान मुलांच्या शाळा उघड्या ठेवणाऱ्या स्वीडनचे गणिताचे गुणही ५०२ वरून ४८२ वर आले. म्हणजे सगळ्या घसरणीचे खापर शाळाबंदीवर फोडता येत नाही. शाळा जास्त काळ बंद राहिल्याने गरीब घरांतली मुले जास्त मागे पडली, हे मात्र अनेक देशांत दिसले आहे.

आरोग्याच्या क्षेत्रातही एक झाकलेला हिशेब आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार २०२० मध्ये क्षयाने मरणाऱ्यांची संख्या दशकाहून अधिक काळात प्रथमच वाढली, कारण तपासणी आणि उपचार खंडित झाले. लहान मुलांचे नियमित लसीकरण मागे पडले. चिंता आणि नैराश्याचे प्रमाण महासाथीच्या पहिल्या वर्षात २५ टक्क्यांनी वाढल्याचे त्याच संघटनेने सांगितले. दुसऱ्या पारड्यात हेही ठेवावे लागते की २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगात नेहमीपेक्षा सुमारे १ कोटी ४९ लाख मृत्यू जास्त झाले, आणि हे इतके निर्बंध असताना झाले.

काही नियमांचा हिशेब मात्र आकड्यांत करताच येत नाही. मृत्युशय्येवरच्या माणसाजवळ एका नातेवाइकाला, संरक्षक पोशाख घालून का होईना, बसू देणे शक्य होते. अनेक रुग्णालयांनी पुढे ते केलेही. जिथे ते महिनोन्‌महिने नाकारले गेले, तिथे परिचारिकांनी फोन हातात धरून अनोळखी माणसाच्या कानाशी त्याच्या लेकरांचे आवाज नेले, आणि ज्यांना तेही जमले नाही ती घरे अजून त्या अपुरेपणासह जगत आहेत. हा नियम संसर्ग रोखण्यासाठी आवश्यक होता असे मला वाटत नाही, आणि कमी कर्मचारी व तुटपुंजे साहित्य हे त्याचे कारण असले तरी त्यामुळे तो माणुसकीचा ठरत नाही.

दोन जाहीरनामे आणि नऊ इमारती

ऑक्टोबर २०२० मध्ये हा वाद शास्त्रज्ञांमध्येही उघडपणे दुभंगला. जय भट्टाचार्य, सुनेत्रा गुप्ता आणि मार्टिन कुलडॉर्फ यांनी ‘ग्रेट बॅरिंग्टन जाहीरनामा’ काढून म्हटले की ज्यांना धोका जास्त आहे त्या वृद्धांचे व आजाऱ्यांचे विशेष रक्षण करावे आणि इतरांना नेहमीसारखे जगू द्यावे. दहा दिवसांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ‘जॉन स्नो निवेदना’ने उत्तर दिले की समाजात संसर्ग मोकाट पसरत असताना एका गटाला त्यापासून वेगळे ठेवणे शक्य नाही, आणि संसर्गातून मिळणारी प्रतिकारशक्ती किती टिकेल हेही ठाऊक नाही. आजी नातवंडांसोबत एका खोलीत राहत असेल तर तिचे ‘विशेष रक्षण’ कसे करायचे, याचे समाधानकारक उत्तर पहिल्या बाजूकडे नव्हते. ज्यांना घरी थांबणे परवडत नाही त्यांनी आणखी किती महिने थांबायचे, याचे उत्तर दुसरी बाजू देत नव्हती. खेद याचा की दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधण्याऐवजी एकमेकांच्या हेतूंवर शंका घेण्यात बहुमोल वेळ गेला.

अधिकाराचा प्रश्न मेलबर्नच्या नऊ सरकारी इमारतींत सर्वांत स्पष्ट दिसला. ४ जुलै २०२० रोजी दुपारी, कोणतीही पूर्वसूचना न देता, त्या इमारतींतल्या सुमारे तीन हजार रहिवाशांना जागच्या जागी कोंडण्यात आले. त्यांत निर्वासित आणि स्थलांतरित कुटुंबे मोठ्या संख्येने होती. दार उघडून पाहावे तर खाली पोलीस उभे होते, पण औषध कुठून आणायचे, बाळाचे दूध कोण देणार, हे अनेकांना कितीतरी वेळ कळेना. आठ इमारतींची सुटका पाच दिवसांनी झाली, नववीची दोन आठवड्यांनी. व्हिक्टोरिया राज्याच्या लोकपालांनी डिसेंबरमध्ये दिलेल्या अहवालात म्हटले की तात्पुरती बंदी समर्थनीय होती, पण ती त्या क्षणी, सूचनेशिवाय लादणे मानवी हक्कांच्या कायद्याचे उल्लंघन होते, आणि आदेशावर सही करणाऱ्या आरोग्य अधिकाऱ्यांना त्यावर विचार करायला केवळ १५ मिनिटे मिळाली होती. एक दिवस थांबून, अन्न-औषधांची सोय लावून आणि रहिवाशांच्या भाषेत समजावून तीच बंदी करता आली असती.

इतर देशांतही न्यायसंस्थांनी असेच बारकाईने पाहिले. स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये सहा विरुद्ध पाच अशा मतांनी ठरवले की सक्तीची घरबंदी ज्या प्रकारच्या आणीबाणीखाली केली गेली, तिच्यात इतका अधिकार बसत नव्हता. संसदेची आधी परवानगी लागणारा मार्ग घ्यायला हवा होता. न्यूझीलंडने सीमा बंद ठेवून २०२० मध्ये मृत्यू नेहमीपेक्षाही कमी ठेवले, पण परतणाऱ्या नागरिकांना विलगीकरणातल्या जागा सोडतीने वाटण्याच्या पद्धतीमुळे काही नागरिकांच्या मायदेशी येण्याच्या हक्कावर अन्याय्य मर्यादा आली, असे तिथल्या उच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये म्हटले. उपाय परिणामकारक असणे आणि न्याय्य असणे या दोन गोष्टी किती वेगळ्या असू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

नियम करणाऱ्यांनीच तो मोडला तर काय होते, हेही लोकांनी पाहिले. नॉर्वेच्या तत्कालीन पंतप्रधान अर्ना सोल्बर्ग यांच्या वाढदिवसाच्या जेवणाला ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त कुटुंबीय जमले, तेव्हा एप्रिल २०२१ मध्ये पोलिसांनी त्यांना २० हजार क्रोनरचा दंड केला आणि त्यांनी जाहीर माफी मागितली. ब्रिटनमध्ये पंतप्रधानांच्या कार्यालयातल्या मेजवान्यांची माहिती बाहेर यायला दीड वर्ष गेले, आणि जी कुटुंबे आपल्या माणसाच्या अंत्यसंस्कारालाही मोजक्या संख्येने जमली होती, त्यांचा संताप त्यानंतरच्या प्रत्येक आवाहनाला नडला.

निर्बंध उठवणे हेही कौशल्याचे काम असते. चीनमध्ये २०२२ साली शांघायमधले सुमारे अडीच कोटी लोक दोन महिने कोंडले गेले होते. २४ नोव्हेंबरला उरुमची शहरात एका रहिवासी इमारतीला आग लागून १० माणसे मेली, निर्बंधांमुळे सुटकेला उशीर झाला असा लोकांचा समज झाला, आणि अनेक शहरांत लोक निषेध म्हणून कोरे कागद हातात धरून रस्त्यावर आले. डिसेंबरमध्ये निर्बंध अचानक उठवले गेले, तेही ऐन हिवाळ्यात आणि वृद्धांचे लसीकरण पुरेसे झालेले नसताना. आधीच्या जवळजवळ तीन वर्षांत मिळवलेला वेळ त्यासाठी वापरता आला असता.

ब्रिटनच्या सार्वजनिक चौकशीने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिलेल्या अहवालातला एक निष्कर्ष या वादाची दिशा बदलणारा आहे. तिथली पहिली टाळेबंदी आठवडाभर आधी झाली असती तर इंग्लंडमधल्या पहिल्या लाटेत सुमारे २३ हजार मृत्यू कमी झाले असते, असे त्यात प्रतिमानाच्या आधारे म्हटले आहे, आणि हा भाग बातम्यांत ठळकपणे आला. त्याच्या शेजारचे वाक्य मागे पडले: रुग्णांचे विलगीकरण आणि अंतर राखणे असे सौम्य उपाय फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळेवर झाले असते, तर सक्तीची टाळेबंदी कदाचित अल्पकाळ पुरली असती किंवा लागलीच नसती. कडक बंदीचा विरोधक असो की समर्थक, तपासणी, आजारपणाची पगारी रजा, हवा खेळती असलेले वर्ग आणि जास्तीच्या खाटा यांवर आधीच खर्च करणे दोघांच्याही हिताचे आहे, आणि नेमकी ही कामे साथ नसताना करावी लागतात.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी महासाथींविषयीचा एक करार स्वीकारला. त्यात स्पष्ट लिहिले आहे की कोणत्याही देशाला टाळेबंदी, प्रवासबंदी किंवा लसीची सक्ती करायला सांगण्याचा अधिकार या संघटनेला नाही. म्हणजे असे निर्णय ज्या त्या देशाच्या सरकारकडे आणि कायद्यांकडेच राहणार. ब्रिटनच्या २०२० च्या कोरोना कायद्यातल्या तात्पुरत्या तरतुदी चालू ठेवायच्या का, हे संसदेत दर सहा महिन्यांनी मतदानाला येत होते; स्वीडनचा जानेवारी २०२१ चा महासाथ कायदा मुदतीचा होता आणि तो २०२२ च्या वसंतात संपला. अनेक देशांच्या आणीबाणीच्या कायद्यांत मात्र अशी मुदत नाही, संसदेपुढे जाण्याची अट नाही आणि रोजगार बुडालेल्याला भरपाई देण्याचे बंधनही नाही. ती कलमे आज, रुग्णालये शांत असताना, काढून वाचता येतात आणि बदलूनही घेता येतात.